मधला रंग कोणी ठरवायचा? प्रोग्रामने बनवलेल्या ग्रेडियंट चित्रांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रात्री झोपण्यापूर्वी ऐकायच्या गोष्टींचं एक ॲप. काम करणारे आम्ही तिघं: एक डिझायनर, ॲप बांधणारा एक सहकारी आणि चित्रं तयार करणारा प्रोग्राम लिहिणारा मी. प्रत्येक गोष्टीमागे वरून खाली हळूहळू बदलत जाणारी रंगाची पार्श्वभूमी, म्हणजे ग्रेडियंट, हवी होती. गोष्टी साठ आणि प्रत्येकीची चार मापं, म्हणजे दोनशे चाळीस चित्रं. गोष्टीचा रंग बदलला की चारही मापं नव्याने करावी लागणार, त्यामुळे ती हाताने करण्याचा प्रश्नच नव्हता. डिझायनरने प्रत्येक गोष्टीचे दोन रंग एका तक्त्यात द्यायचे आणि पायथनमधल्या प्रोग्रामने त्यावरून चित्रं काढायची, असं ठरलं.

पहिला प्रोग्राम वीसेक ओळींचा होता. ओळीचा क्रमांक भागिले चित्राची उंची असा शून्य ते एकमधला एक अंक काढायचा. त्याला ट म्हणू. मग लाल, हिरवा, निळा या तिन्ही वाहिन्यांसाठी वरचा रंग अधिक फरक गुणिले ट असं करायचं, दशांश छाटून पूर्णांक घ्यायचा आणि पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, लिहायची. माझ्या मोठ्या पडद्यावर सगळं छान दिसलं. तेवढ्यावर आम्ही पुढे गेलो.

काय बिघडलं

पहिल्या चाचणीनंतर डिझायनरचा एकच निरोप आला: "रंग मळकट दिसतायत आणि पट्टे पडलेत. रात्री अंधारात फोन हातात घेऊन बघ."

खोलीतला दिवा मालवून पाहिलं आणि काय ते कळलं. पण त्या वाक्यात तीन वेगवेगळे दोष एकत्र आले होते आणि आम्ही ते एकच समजून त्यावर एकच उपाय शोधत बसलो. या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ तिथे गेला, म्हणून ते दोष आधीच सुटे करून सांगतो.

पहिला दोष पट्ट्यांचा. मध्यरात्रीच्या गोष्टीचा वरचा रंग, लाल, हिरवा, निळा या क्रमाने, (८, ९, २०) आणि खालचा (१८, २०, ४४) होता. चित्राची उंची २४०० पिक्सेल. एवढ्या उंचीत लालला फक्त १० पायऱ्या चढायच्या, हिरव्याला ११ आणि निळ्याला २४. म्हणजे निळा दर शंभर पिक्सेलांनी एक घर सरकतो, हिरवा साधारण २१८ पिक्सेलांनी आणि लाल २४० पिक्सेलांनी. मधे काही नाही, कारण आठ बिटांत, म्हणजे ० ते २५५ या पूर्णांकांत, १२ आणि १३ यांच्यामध्ये आकडाच नसतो. तिन्ही वाहिन्या वेगवेगळ्या ओळींवर उडी घेतात, त्यामुळे पट्ट्यांना कुठे हिरवट तर कुठे गुलाबी झाक येते. फोनवर ठळक कडा मोजल्या तेव्हा त्या हिरव्याच्या पायऱ्यांशी जुळल्या. एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांसाठी रंग आकड्यांत लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीत, उजळपणाचा सुमारे ७१.५ टक्के भाग हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा असतो. निळ्याच्या पायऱ्या जास्त असूनही डोळ्याला टोचत होत्या त्या हिरव्याच्या.

त्यात डोळाही भर घालतो. उजळपणा अचानक बदलतो त्या कडेला तो फरक आहे त्याहून जास्त दिसतो. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हे नोंदवलं होतं आणि या भासाला त्यांचंच नाव आहे. एका घराचा फरक दिसणारच नाही, असं मोठ्या पडद्यासमोर बसून वाटतं. अंधारात डोळे सरावले की तोच फरक लख्ख दिसतो.

दुसरा दोष तिन्हीसांजेच्या गोष्टीत होता. वर गडद निळा (३८, ६६, १४०), खाली सोनेरी (२४५, १९०, ९०). मधोमध प्रोग्रामने काढलेला रंग (१४१, १२८, ११५), म्हणजे तपकिरीकडे झुकलेली राख. आकाशात असा रंग कधी दिसत नाही. डिझायनरने दिलेले दोन्ही रंग सुंदर होते. मधला रंग कोणीच दिला नव्हता. तो माझ्या एका बेरजेने दिला होता.

तिसरा दोष बारीक होता आणि शंभर टक्के माझा. चित्राच्या खाली त्याच शेवटच्या रंगाची सपाट पट्टी होती आणि तिथे सांधा दिसत होता. २४०० ओळींचे क्रमांक ० ते २३९९, पण भागाकार २४०० ने. म्हणजे ट कधीच पूर्ण एक होत नाही. त्यात दशांश छाटलेले, त्यामुळे ४३.९९ चा ४३ झाला. शेवटच्या ओळीचा रंग (१७, १९, ४३), पट्टीचा (१८, २०, ४४). उंचीतून एक वजा करून भागलं आणि छाटण्याऐवजी जवळच्या पूर्णांकात नेलं की हा दोष गेला. दोन मिनिटांचं काम होतं, पण पट्ट्यांच्या गोंगाटात तो आम्हाला चार दिवस दिसलाच नाही.

पट्ट्यांसाठी कोणते पर्याय होते

पहिला विचार चित्र धूसर करण्याचा आला. पट्ट्यांची कड मऊ झाली की झालं, असा तर्क. दोन दिवस वेगवेगळ्या त्रिज्यांचे ब्लर लावून पाहिले आणि काहीही बदललं नाही. बदलणारही नव्हतं. १२ आणि १३ च्या सीमेवर ब्लर केला की हिशेबात १२.४ येतो खरा, पण फाइलमध्ये लिहिताना तो पुन्हा १२ होतो. ब्लर लावण्याआधी कागदावर एक ओळ गणित केलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते.

दुसरा पर्याय सोळा बिटांच्या पीएनजीचा. पीएनजीत प्रत्येक वाहिनीला सोळा बिट ठेवता येतात, त्यामुळे फाइलमध्ये उतार अगदी मऊ राहतो. पण आमच्या ॲपमध्ये चित्र उलगडताना पुन्हा आठच बिट होत होते. फाइल मोठी, चित्र तेच.

तिसरा, दोन रंगांतलं अंतर वाढवायचं, म्हणजे पायऱ्या वाढतील. डिझायनरने ठाम नकार दिला. रात्री डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणूनच ते रंग इतके जवळचे ठेवले होते. माझ्या मते हा नकार फार मोलाचा ठरला. प्रोग्रामच्या सोयीसाठी रंग बदलायला एकदा सुरुवात झाली की ती कुठे थांबेल सांगता येत नाही.

उरलं डिदरिंग, म्हणजे पूर्णांकात नेण्याआधी प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडा यादृच्छिक आकडा मिसळायचा. हिशेबात १२.३ आलं तर दर शंभर पिक्सेलांतल्या साधारण तीस जागी १३ आणि सत्तर जागी १२ पडतात. डोळा लांबून त्यांची सरासरी घेतो आणि त्याला १२.३ दिसतं. नसलेला आकडा असा शेजाऱ्यांच्या मदतीने उभा राहतो. मला ही कल्पना आजही मनापासून आवडते.

मधल्या रंगासाठी कोणते पर्याय होते

इथे आम्ही चार रस्ते चालून पाहिले. चारही रस्त्यांची टोकं तीच होती, (३८, ६६, १४०) आणि (२४५, १९०, ९०). फरक मधल्या प्रवासाचा.

साध्या आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकड्यांची सरासरी आधीच पाहिली होती: (१४१, १२८, ११५), राख.

मग प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात मिसळून पाहिलं. एसआरजीबीतले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, त्यांच्यावर साधारण २.२ घाताचा बाक असतो. काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध म्हणून आपण १२८ लिहितो, पण त्यातून निघणारा प्रकाश पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्केच असतो. निम्मा प्रकाश हवा तर १८८ लिहावं लागतं. त्यामुळे आधी बाक काढायचा, सरासरी घ्यायची आणि बाक परत घालायचा. मधला रंग (१८२, १४५, ११८) आला. राख गेली, त्याजागी बदामी आली. पण उजळ टोकाचं वजन जास्त पडून सोनेरी रंग चित्राच्या मध्यापर्यंत चढला आणि निळा वरच्या कोपऱ्यात चेपला गेला. दोन दिव्यांचा उजेड मिसळायचा असेल तेव्हा हीच पद्धत बरोबर असते. आम्हाला मात्र डोळ्याला समान वाटणारा उतार हवा होता.

तिसरा रस्ता ह्यू, सॅच्युरेशन, लाइटनेसचा (रंगछटा, तिची तीव्रता आणि उजळपणा), म्हणजे एचएसएल. रंग वर्तुळावर ठेवायचे आणि एका कोनातून दुसऱ्या कोनात जायचं. निळा २२३.५ अंशांवर, सोनेरी ३८.७ वर. जवळचा रस्ता लालकडून, १७५ अंशांचा. मधोमध उगवला झगझगीत राणी रंग. भडक असला तरी संध्याकाळला थोडा शोभणारा.

पण दुसऱ्या एका संध्याकाळच्या गोष्टीत निळा जरा वेगळा होता, (३६, ७८, १४०). डोळ्याला तो जवळजवळ सारखाच दिसतो. त्याचा कोन २१५.८ अंश, सोनेरीपासूनचं अंतर १७७.१. आता जवळचा रस्ता दुसऱ्या बाजूने होता, आणि मधोमध भडक हिरवा आला. दोन जवळपास सारखे निळे, तेच सोनेरी, आणि एका चित्रात राणी रंग तर दुसऱ्यात हिरवा. रंग वर्तुळावर समोरासमोर असले की दोन्ही रस्ते जवळपास सारख्याच लांबीचे असतात आणि दोन-चार अंशांच्या फरकाने प्रोग्राम उलटा वळतो. शेकडो चित्रं आपोआप बनवायची तर अशा नियमावर विसंबता येत नाही.

चौथा रस्ता ओकेलॅबचा. ब्योर्न ओटोसन यांनी डिसेंबर २०२० मध्ये मांडलेली ही रंगपद्धती अशी बेतली आहे की त्यातलं आकड्यांचं अंतर डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाशी बऱ्यापैकी जुळतं. १९७६ च्या सीआयई लॅब या जुन्या रंगपद्धतीत निळा पांढऱ्याकडे जाताना जांभळा होतो, तो दोष इथे फार कमी आहे. माझा याच्यावर पूर्ण भरवसा होता. निघालेला मधला रंग: (१३७, १३२, १३२). आधीच्यापेक्षाही शुद्ध राख.

हा निकाल पचायला एक संध्याकाळ लागली. कारण मात्र साधं आहे. ओकेलॅबमध्ये राखाडी रंग मध्यभागी असतात आणि एकमेकांविरुद्ध रंग त्याच्या दोन बाजूंना. निळ्यापासून सोनेरीपर्यंत सरळ रेघ ओढली की ती मध्यातूनच जाणार. सूत्र चुकलेलं नव्हतं. उलट त्याने ते काम इतकं नेमकं केलं की आमचा प्रश्नच चुकीचा असल्याचं उघड झालं. आम्ही दोन रंग देऊन तिसऱ्याची अपेक्षा धरत होतो.

ही आकड्यांची पट्टी डिझायनरसमोर ठेवली. ती म्हणाली, "मग मधला मीच देते ना. आधी विचारलं असतंस तर तेव्हाच दिला असता."

काय केलं

तक्त्यात तिसरा रकाना आला: मधला रंग आणि त्याची जागा. तो ऐच्छिक ठेवला, कारण मध्यरात्रीसारख्या जवळच्या रंगांना त्याची गरज नव्हती. तिन्हीसांजेसाठी तिने मळकट गुलाबी रंग साठ टक्क्यांवर ठेवला. टोकं आणि मधला यांच्या दरम्यानचा प्रवास ओकेलॅबमधूनच. आता कुठलीही सरळ रेघ राखेतून जात नव्हती. कोणी परस्परविरुद्ध दोनच रंग दिले आणि रेघ राखाडीच्या फार जवळून गेली, तर प्रोग्राम चित्र न बनवता तिसरा रंग मागतो, अशी तपासणीही घातली.

तिसऱ्या रंगाने नवा त्रास आणला. त्याच्या जागी उताराचा कल अचानक बदलतो आणि तिथे आडवी उजळ रेघ भासते. फाइलमध्ये ती नसते, पुन्हा माख यांचाच परिणाम. प्रत्येक तुकड्यावर सुरुवातीला आणि शेवटी हळू होणारा वळणदार वेग लावून पाहिला, तर रंग त्या जागी थबकून रुंद सपाट पट्टा दिसू लागला. शेवटी तिन्ही बिंदूंतून अखंड जाणारी, मर्यादेबाहेर न उसळणारी घन वक्ररेषा घेतली. रेघ गेली.

डिदरिंगमध्ये आधी अर्ध्या घराइतका वर किंवा खाली जाणारा सपाट यादृच्छिक आकडा मिसळला. पट्टे गेले, पण लक्षपूर्वक पाहिलं तर वेगळीच गोष्ट दिसली: काही भाग रवाळ, काही गुळगुळीत, पुन्हा रवाळ. हिशेब नेमका १२.० येतो तिथे सगळे पिक्सेल १२ होतात, म्हणजे स्वच्छ. १२.५ येतो तिथे निम्मे निम्मे, म्हणजे सर्वांत खडबडीत. खडबडीतपणाचेच पट्टे झाले होते. असे दोन यादृच्छिक आकडे बेरजेने मिसळले की त्यांची वाटणी त्रिकोणी होते आणि रवाळपणा सगळीकडे सारखा पडतो. ध्वनिमुद्रणात हीच युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. पूर्ण काळ्याला टेकणाऱ्या चित्रांत मात्र टोकाला तो आकडा बारीक करत नेला, नाहीतर काळ्यात दर आठ पिक्सेलांमागे एक उजळ ठिपका राहत होता.

मग फाइलचा आकार आडवा आला. १०८० बाय २४०० चित्राचा कच्चा मजकूर ७७ लाख ७६ हजार बाइट. आधीच्या चित्रात प्रत्येक ओळ एकाच रंगाची, त्यामुळे पीएनजी प्रत्येक पिक्सेलमधून डावीकडचा पिक्सेल वजा करून नुसती शून्यं ठेवत होती आणि फाइल काही किलोबाइटांत मावत होती. डिदरिंगनंतर तीच मेगाबाइटच्या पुढे गेली. यादृच्छिक आकड्यांना दाबायला जागाच नसते. त्यांऐवजी ब्राइस बेयर यांची १९७३ ची ठरावीक आकड्यांची जाळी वापरली असती तर फाइल बरीच लहान झाली असती, पण काळोखात तिची चौकट दिसत होती.

तोडगा सहकाऱ्याने काढला. उतार उभा आहे, आडव्या दिशेला काहीच बदलत नाही, मग १०८० पिक्सेल रुंदी कशाला हवी? ६४ पिक्सेल रुंद पट्टी बनवू आणि ॲपमध्ये ती आडवी लावत जाऊ. सतरा पट बचत. साध्या यादृच्छिक आकड्यांनी मात्र दर ६४ पिक्सेलांना तेच गुठळे उठून दिसले. म्हणून ब्लू नॉइज घेतला. त्यात शेजारचे आकडे मुद्दाम एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे गुठळ्या होत नाहीत आणि या आकड्यांच्या चौकोनी फरशीच्या कडाही बिनसांध्याच्या जुळतात. रॉबर्ट युलिकनी यांच्या १९९३ च्या पद्धतीने ६४ बाय ६४ ची एक फरशी एकदाच बनवून ठेवली. तिन्ही वाहिन्यांना तीच फरशी वेगवेगळ्या जागांवरून सुरू करून लावली, आणि तिच्या सपाट वाटणीचं त्रिकोणी वाटणीत रूपांतर केलं. फरशी ठरलेली असल्यामुळे प्रोग्राम कितीदाही चालवला तरी तीच फाइल निघते. नाहीतर प्रत्येक वेळी सगळी चित्रं बदललेली दिसली असती.

प्रकाशनानंतर

आवृत्ती बाहेर गेली आणि दुसऱ्याच दिवशी काही फोनांवर पट्टे परतले.

फाइल तपासली, ती निर्दोष. फोनवरच्या चित्राचा स्क्रीनशॉट उघडला, त्यात पट्टे. वाटेत कुठेतरी डिदरिंग पुसलं जात होतं. ॲप बांधताना चित्रं आपोआप लहान करणारी एक पायरी होती, ती कोणाच्याच लक्षात नव्हती. चित्र लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेतली जाते. १२ आणि १३ ची सरासरी पुन्हा आठ बिटांत बसवली की आपण मेहनतीने पेरलेले दाणे जातात आणि पायरी परत येते. लघुचित्रांच्या बाबतीत तर आम्हीच मोठं चित्र लहान करत होतो.

दोन बदल केले. या चित्रांना त्या पायरीतून वगळलं, आणि प्रत्येक माप सूत्रापासून थेट बनवलं. मोठ्यातून लहान काढणं बंद. एक तपासणीही जोडली: तयार चित्राचे चौसष्ट-चौसष्ट ओळींचे तुकडे घेऊन प्रत्येकाची सरासरी सूत्राच्या किमतीशी ताडायची, आणि प्रत्येक तुकड्यात रवाळपणा शिल्लक आहे ना ते पाहायचं. ही तपासणी प्रोग्रामच्या फाइलवर न चालवता अंतिम ॲपमधून काढलेल्या चित्रावर चालते.

निष्पत्ती

अंधाऱ्या खोलीत, उजेड कमीत कमी ठेवून तिघांनी साठही गोष्टी आपापल्या फोनवर पाहिल्या. पट्टे नव्हते. तिन्हीसांज निळ्यातून गुलाबीत आणि गुलाबीतून सोन्यात उतरत होती. सांधाही गेला होता. फायलींचा एकूण आकार सुरुवातीपेक्षा वाढला, पण पेलण्याइतका.

एक गोष्ट राहून गेली. गोष्टीचं नाव पांढऱ्या अक्षरांत असतं. वर निळ्यावर ते स्पष्ट, खाली सोनेरीवर पुसट. साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५ ला १ एवढा फरक हवा, असं वेबवरच्या सुगमतेचे संकेत सांगतात. आम्ही तो फक्त वरच्या टोकाला मोजला होता. ग्रेडियंटवर तो अक्षर जिथे जिथे येतं त्या प्रत्येक ओळीला मोजायला हवा.

वेगळं काय करता आलं असतं

"मळकट आणि पट्टे" हा निरोप आला तेव्हाच तीन वेगळी चित्रं काढायला हवी होती: दोन गडद जवळचे रंग, दोन विरुद्ध रंग, आणि शेवटच्या ओळीलगत त्याच रंगाची सपाट पट्टी. अर्ध्या तासात तिन्ही दोष वेगळे दिसले असते. दोन ओळींमधला फरक आठपट वाढवून दाखवणारं छोटं साधन आम्ही शेवटी लिहिलं. ते पहिल्या दिवशी असायला हवं होतं, कारण त्यात दिवसाउजेडीही पट्टे दिसतात.

पार्श्वभूमीसाठी फाइलच हवी होती का, यावर आमचं आजही एकमत नाही. फोनच्या ग्राफिक्स चिपवर हेच सूत्र आणि ब्लू नॉइजची तीच फरशी लावली तर पडद्याच्या नेमक्या मापाचं चित्र जागच्या जागी तयार होतं. आकार बदलण्याचा, दाणे पुसले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. इतरांना पाठवायच्या चित्रांसाठी फायली लागतातच, म्हणून सहकारी म्हणतो की एकच मार्ग सांभाळणं सोपं. मी आज नव्याने सुरुवात केली तर पार्श्वभूमी चिपवर काढेन आणि फायली फक्त पाठवण्यापुरत्या ठेवेन.

आणि तक्त्यात मधल्या रंगाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवेन. ऐच्छिक असला तरी. तो रिकामा दिसला की निदान कोणीतरी विचारतं, इथे काय येणार आहे?